सलग जागा

सोमवारी सकाळी फुलंब्रीहून परतलो. जिना चढलो, पायपुसणं दिसलं तिकडं वळलो, कुलूप उघडलं आणि न बघता हात मागं नेऊन पिशवी खुंटीला अडकवली. खुंटी जिथं असते तिथं होती. खाट तिथंच, खाटेखाली पत्र्याची पेटी तिथंच, टेबलावर पालथं घातलेलं पुस्तक त्याच पानावर. माठातलं पाणी घेतलं, प्यायला खिडकीशी गेलो. खिडकीबाहेरचा कडुनिंब गायब होता. त्याच्या जागी शेजारच्या चाचांची पाण्याची टाकी उभी होती.

झाडं काही चालत नाहीत. निदान जालना रोडच्या कडेची तरी चालत नाहीत, नाहीतर रस्तारुंदीच्या वेळी ती कधीच पळून गेली असती. म्हणजे चाललो होतो मी. माझी आख्खी खोली जिन्याच्या डाव्या हाताकडून उजव्या हाताकडं उचलून नेली होती आणि अशी मांडली होती, की खुंटीवरच्या पायजम्याची नाडीसुद्धा तेवढीच लोंबत होती. दाराचं कुलूप माझंच, पायपुसणं माझंच. भिंतीवरचा तेलाचा डागही सोबत आला होता असं सांगितलं तर तुम्ही मला खोटारडा म्हणाल, म्हणून ते सांगत नाही.

मी धाडधाड खाली गेलो. आमचे सर, म्हणजे माझे घरमालक आणि कंपनीतले माझे वरिष्ठ, भिंतीला पाठ लावून चहा पीत बसले होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, माठ शोधावा लागला का. नाही म्हणालो. खुंटी? नाही. मग तक्रार कशाची, असं त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे विचारलं, की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"खिडकीतलं झाड गेलं, सर."

त्यांनी कप खाली ठेवला. चेहरा एकदम पडला. "खिडकी राहिली," ते म्हणाले. "फुलंब्री, तुला कळायला नको होतं."

ते माणसाला नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी फुलंब्री. स्टोअर सांभाळणारा तो अजिंठा. कंपनीचे मालक पैठणचे, पण त्यांना तोंडावर 'मालक' म्हणत आणि पाठीमागं पैठण. सरांचं म्हणणं असं, की नाव हे माणसाला चिकटवलेलं असतं, पण पत्त्यावर माणूस सापडतो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आता संभाजीनगर झालं. सर असते तर म्हणाले असते, हे उलटं झालं, पत्ता बदलला आणि जागा तिथंच राहिली.

माणूस दिसायला ताडासारखा. पत्र्याच्या शेडमध्ये सर यायचे म्हटल्यावर पंखे आधी बंद करावे लागत. एवढा लांब माणूस, पण खोलीच्या मधून चाललेला कुणी पाहिला नाही. कुठंही गेले तरी भिंतीकडेनं जात. दारातून समोरच्या टेबलाकडं जायचं तर तीन भिंती फिरून येत. बसमध्ये शेवटच्या सीटचा कोपरा. भाकरी खात तीसुद्धा एका कडेनं, पुसत गेल्यासारखी. शेवटपर्यंत ताटात भाकरीचा जो तुकडा उरे तो सलग असे. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं जिलबी ताटाच्या मधोमध टाकली की सर ती बोटानं हळूच कडेला सरकवत, भाताला भिडवत, आणि मोकळ्या झालेल्या ताटाकडं समाधानानं बघत. वाढपी पुढं येऊन अजून चार जिलब्या टाकी. मराठवाड्यात मोकळं ताट दिसलं की माणसाला राहवत नाही.

आमची कंपनी चिकलठाण्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत होती. औषधाच्या गोळ्यांच्या पट्ट्यांवर नजर ठेवणारा डबा आम्ही बनवायचो. पट्टी सरकत येते, डब्यातला कॅमेरा तिचा फोटो घेतो, एखादा खण रिकामा असेल तर पट्टी बाजूला फेकतो. डब्याच्या पोटात छोटासा संगणक. काम झकास चाले, आणि मग काही दिवसांनी कॅमेरा आंधळा होई. डबा म्हणे, फोटो ठेवायला जागा नाही. आम्ही तपासायचो तर निम्मी मेमरी रिकामी.

मी नवीन होतो. निम्मं घर रिकामं आणि पाहुण्याला जागा नाही, हा कसला न्याय, असं मी सरांना विचारलं. ते मला जेवणाच्या सुट्टीत बाहेर स्कूटरच्या शेडपाशी घेऊन गेले. स्कूटरी लोकांनी आपापल्या मर्जीनं लावलेल्या. दोन गाड्यांमध्ये हातभर फट, मग परत दोन गाड्या, मग परत फट.

"आता ट्रक आला तर उभा राहील?"

नाही म्हणालो.

"सगळ्या फटी जोडल्या तर दोन ट्रकांची जागा हाय. जागा कमी नसते, फुलंब्री. जागा तुटलेली असते."

डब्यातही तसंच. छोटी छोटी कामं मेमरीत येतात, कुठंतरी टेकतात, काही उठून जातात, काही बसून राहतात. कॅमेऱ्याला फोटो ठेवायला एकाला एक लागून अशी लांबलचक जागा हवी. चार ठिकाणच्या चिंध्या त्याला चालत नाहीत. मग यंत्राच्या पोटातला मुकादम, ज्याला आमच्यात कर्नेल म्हणतात, त्यानं काय करायचं? बसलेल्यांना उचलून एका कडेला दाटीनं बसवायचं आणि दुसऱ्या कडेला मैदान मोकळं करायचं. आणि हे करताना ज्याला हलवलं त्याला कळता कामा नये. तो जुन्या पत्त्यावर हाक मारणार, मुकादमानं वहीत गुपचूप नवी जागा लिहून ठेवलेली असणार, आणि हाकेला ओ येणार.

"हलवणं अवघड नाय," सर म्हणाले. "मेंढरू झोपेत असतं तवा उचलून दुसरीकडं ठेवता येतं. फक्त उठल्यावर त्याची आई त्याच बाजूला पाह्यजे."

सर धनगराच्या घरातले. त्यांचे वडील आणि मोठा भाऊ वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन हिंडायचे, शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायचे, लेंड्यांच्या खतावर धान्य घ्यायचे. सरांना शाळेत टाकलं आणि ते शिकत शिकत पार कर्नेलपर्यंत पोचले. मेंढरं बसवायला रान सलग लागतं हे त्यांना पाटी धरायच्या आधीपासून माहीत. इथं चार, तिथं सहा अशी मेंढरं बसवली की लांडग्याचं काम सोपं होतं.

मालकांना मात्र साधा उपाय सुचला होता. रोज सकाळी डबा बंद करून चालू करायचा. बंद केला की सगळं कोरं, जागाच जागा. मालक हे सांगत होते तेव्हा सर भिंतीकडेनं सरकत त्यांच्या टेबलापर्यंत आले. एरवी आवाज न चढवणारा माणूस, त्या दिवशीही चढवला नाही, पण टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरलेला मी पाहिला.

"बंद करून चालू करणं म्हणजे आत जे हाय ते मारणं," ते म्हणाले. "मी ते करणार नाय."

मालक हसले. गोळ्यांच्या पट्ट्या आहेत हो, कुणाचं काय मरतंय. सर भिंतीकडेनं परत आपल्या जागेवर गेले. कुणाचं काय मरतंय ते मला त्यांच्या घरी राहायला लागल्यावर कळलं.

घर चिकलठाण्याच्या अलीकडं, नव्या प्लॉटिंगमध्ये. वर दोन खोल्या, खाली स्वयंपाकघर, सरांची जेमतेम खाट मावेल अशी कोठडी, आणि एक दिवाणखाना. दिवाणखाना कसला, कुस्तीचा आखाडाच. एवढी मोठी खोली आमच्या फुलंब्रीत असती तर तिथं आठवडी बाजार भरला असता. सर ती गल्लीतल्या सगळ्यांना फुकट वापरू देत. मंडळाचे ढोल तिथं, आचाऱ्याची पातेली तिथं, चाचांच्या जादा खाटा तिथं, माझी ज्वारीची पोती तिथं. अट एकच: सांगितल्यावर तासाभरात उचलायचं. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, काही बांधून ठेवायचं नाही, जड असेल त्याला चाकं लावायची. ढोलांनासुद्धा चाकांची पाटी होती. माझी खोली उजव्या हाताकडं का गेली तेही मग समजलं. डावीकडची खोली जिन्याला जवळ, वेळ आली तर सामान पटकन तिथं चढवता यावं म्हणून.

वेळ म्हणजे कसली, हे गल्लीत कुणी विचारत नसे.

आणि एवढं सगळं हलतं ठेवणाऱ्या त्या माणसानं खोलीच्या बरोब्बर मधोमध एक गोष्ट अशी ठेवली होती, जी हलत नव्हती. बुटक्या चौरंगावर जुना संगणक. भोवती ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांची रांग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. भारनियमनात आख्खं प्लॉटिंग अंधारात बुडे आणि या खोलीतून मात्र घुंऽऽ असा आवाज येत राही, जसं काही कुणी तोंड मिटून गाणं म्हणतंय. तो संगणक कधीच बंद झाला नव्हता. पडद्यावर एकच ओळ. एका अक्षराची लांबलचक रांग, मध्येच दोन-तीन भलतीच अक्षरं घुसलेली, आणि पुन्हा तीच रांग. बस्स.

मी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात चाचांना विचारलं. चाचा म्हातारे, दिवसभर ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे. सरांचं नाव काढलं की आवाज खाली आणायचे.

काही वर्षांपूर्वी सरांचा भाऊ बिऱ्हाड घेऊन इकडून चालला होता. फाल्गुनातली दुपार, आभाळ निळंजांभळं झालं, गारांचा रंग दिसायला लागला. सर जाऊन सगळ्यांना घरी घेऊन आले. घर नवीन बांधलेलं, सामान जिथं जागा मिळाली तिथं टाकलेलं. भावाचा धाकटा पोरगा, चार-पाच वर्षांचा, सरांच्या मांडीवर बसून संगणकाची बटणं दाबत होता. तेवढ्यात गार सुरू झाली, बाहेरची सगळी माणसं एकदम आत आली, आणि बसायला एक अशी जागाच नव्हती. सरांनी वाटणी केली. काही स्वयंपाकघरात, काही वर, काही चाचांच्या ओसरीवर.

"मेरे कने बच्चे थे मियाँ," चाचा म्हणाले. "मैं समझा छोटा ऊपर है. ऊपरवाले समझे चूल्हे के पास है. चूल्हेवाले समझे मेरे कने है."

पोरगा एक कोकरू बाहेर राहिलं म्हणून ते आणायला गेला होता. गार थांबली तेव्हा कुंपणापाशी पांढरा ढीग होता, आणि तो वितळल्यावर दोघंही सापडले.

भावानं सरांना दोष दिला नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं चाचा म्हणाले. त्यानं बिऱ्हाड आवरलं, घोड्यावर लादलं आणि जाताना एवढंच बोलला: "जागा व्हती तुझ्याकडं, बापू. एक नव्हती." तेव्हापासून तो या रस्त्यानं आला नव्हता. दर वर्षी मेंढरं लांबच्या वाटेनं न्यायचा. आणि सर दर वर्षी फाल्गुन लागला की दिवाणखाना मोजायचे, पावलांनी, भिंतीकडेनं.

पडद्यावरची ओळ त्या पोरानं दाबलेली होती.

मी पडलो आगाऊ. सरांना म्हणालो, ती ओळ जतन करून ठेवा ना, म्हणजे संगणक बंद झाला तरी राहील. सर म्हणाले, जतन केलेली ती नक्कल. ही त्यानं दाबलेली. मग मी अजून आगाऊपणा केला. म्हटलं, पण सर, मेमरीतल्या गोष्टी मुकादम इकडून तिकडं हलवतच असतो, तुम्हीच सांगता. ती अक्षरं आजवर शंभरदा उचलून ठेवली गेली असतील. त्यातली खरी कुठली राहिली?

"तेवढी जागा मी खिळून ठेवलीय," ते म्हणाले. "मुकादमाला सांगून. तिला हात लावायचा नाय."

जगात कुणालाही एकाच जागी खिळू न देणाऱ्या माणसानं मेमरीच्या मधोमध एक खिळा ठोकला होता, आणि घराच्या मधोमध दुसरा. मेमरीत एवढीशी एक गोष्ट मधोमध खिळलेली असली की तिच्या दोन्ही बाजूंची जागा कितीही मोकळी करा, ती एक होत नाही. हे मला सरांनीच शिकवलं होतं. त्यांना ते दिसत नव्हतं असं मला वाटत नाही.

आता जे सांगतो ते मी ज्याला ज्याला सांगितलं तो हसला. तुम्हीही हसा, मला सवय आहे.

त्या घरात माझ्या चपला हलायच्या. मी जिन्याच्या पायथ्याशी काढायचो, वाकड्यातिकड्या, जशा पायातून सुटतील तशा. कंपनीतून येऊन बघावं तर सरळ, एकीला एक लागून, भिंतीकडेला. मी म्हटलं, सरांची सवय. पण सर दिवसभर माझ्याच समोर कंपनीत बसलेले. मग पातेल्यांची झाकणं सरकलेली दिसायला लागली. ढोलाच्या काठ्या कोपऱ्यात एकत्र. ज्वारीच्या पोत्याचा सांडलेला दाणा एका बाजूला ओढलेला, बोटांनी ओढावा तसा. उंदीर म्हणावं तर उंदीर ज्वारी खातो, मांडून ठेवत नाही. माझ्या लक्षात यायला पंधरवडा गेला, की हलतं ते सगळं खालचं. वरच्या फळीवरच्या वस्तूला कधी कुणी बोट लावलं नव्हतं. माझ्या कमरेच्या वरचं काहीही हललं नव्हतं.

त्या रविवारी सरांना मी हे सांगितलं. चेष्टेनं सुरुवात केली. म्हटलं, सर, माझी खोली हलवली, कबूल, पण चपला कशाला?

"खोली मी हलवली," ते म्हणाले. "चपला मी नाय."

मग हात जमिनीपासून वर नेत विचारलं, कुठवरचं हलतं? मी माझ्या कमरेला हात लावून दाखवला. सर वाकले, माझ्या कमरेपासून एक वीत खाली बोट टेकवलं आणि स्वतःशीच मान हलवली. एखाद्या पोराची चड्डी शिवायला टाकताना माप घ्यावं तसं.

मी त्या संध्याकाळी दुसरी खोली शोधायला निघालो होतो. पण सगळीकडं भाडं जास्त होतं, आणि भीती फुकट होती, म्हणून राहिलो.

मग तो फाल्गुन आला. दुपारी जेवून आम्ही डब्यावर काम करत होतो. सरांनी मालकांना पटेल असा उपाय काढला होता: कॅमेऱ्यासाठी एक सलग पट्टा राखून ठेवायचा, पण तो रिकामा ठेवायचा नाही; हलायला तयार असलेल्यांनाच तिथं बसू द्यायचं, आणि कॅमेऱ्यानं मागितलं की त्यांनी उठायचं. दिवाणखान्याचीच रीत, डब्यात घातलेली. तेवढ्यात सरांचा मोबाईल वाजला. सरांनी नंबर पाहिला आणि उभे राहिले. शेडमध्ये आवाज इतका, की त्यांनी फोन मोठ्यानं लावला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"बापू, आभाळ फिरलंय. पोरंबाळं हायती संगट."

"ये, दादा."

"जागा हाय का?"

"हाय."

पलीकडं बराच वेळ वारा ऐकू आला. "एक हाय का?"

मला त्यांच्या डोळ्यांत तो चौरंग दिसत होता. "ये तू," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

माझ्या स्कूटरवरून आम्ही असे सुटलो की जालना रोडवरच्या बसेस मागं पडत होत्या. गल्लीत शिरता शिरता सरांनी हाका द्यायला सुरुवात केली. गल्ली जणू वर्षानुवर्षं त्या हाकेची वाट बघत होती. ढोल गडगडत बाहेर गेले, पातेली गेली, खाटा चाचांच्या अंगणातून छपराखाली गेल्या, माझी पोती जिन्यानं वर चढली. मी शपथेवर सांगतो, चहा उकळायला लागतो त्याहून कमी वेळात ती खोली रिकामी झाली. मधला चौरंग तेवढा राहिला, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बॅटऱ्यांची रांग.

बाहेर दुपारीच दिवेलागणीसारखा उजेड झाला होता, पिवळट हिरवा. मेंढरं शेजारच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये घातली गेली. मग माणसं दारात आली. म्हातारी, बाया, काखेत कोकरं धरलेली पोरं. सगळ्यात पुढं सरांचा भाऊ, सरांएवढाच उंच, खांद्यावर घोंगडी. तो उंबऱ्यावर थांबला. खोली पाहिली. बॅटऱ्यांची रांग पाहिली. रांगेच्या अलीकडची जागा, पलीकडची जागा.

"हे दोन झालं," तो म्हणाला, आणि हात आडवा करून मागच्यांना तिथंच थोपवलं.

पहिली गार पत्र्यावर पडली. ठण्ण. मग दुसरी. मागं एक बाई, ती भावाची बायको असणार, पदराखाली पोरांची डोकी झाकत होती. पण नवऱ्याला ओलांडून ती आत आली नाही. कुणीच आलं नाही. ती सगळी माणसं गारांखाली उभी राहायला तयार होती, पण पुन्हा दोन ठिकाणी बसायला तयार नव्हती.

सर भिंतीला चिकटून उभे होते. मी त्यांना आजवर कधीच खोलीच्या मधे जाताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी गेले. भिंत सोडली आणि सरळ मधून चालत चौरंगापाशी गेले, गुडघ्यावर बसले, पडद्यावरच्या त्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. मग वायर ओढली.

पडदा काळा झाला. आम्ही दोघांनी बॅटऱ्या भिंतीकडं लोटल्या, चौरंग उचलला. संगणकाचा डबा मी छातीशी धरला आणि वाट अडू नये म्हणून जिन्यावर अर्ध्यात जाऊन बसलो, डबा मांडीवर घेऊन. खाली माणसं आत आली आणि एकमेकांना भिडून बसली. आणि सर दारातून बाहेर पडले. पुढच्या पत्र्याच्या आडोशाला, गार उडून अंगावर येत होती तिथं, उभे राहिले.

"आत ये की, बापू," भाऊ म्हणाला.

"आधी मोज."

धनगर रोज मोजतो. मेंढरं मोजतो, माणसं मोजतो, बोलत बोलत मोजतो. भाऊ उंबऱ्यावर आतल्या बाजूनं उभा राहिला आणि बोट न उचलता, नुसत्या नजरेनं, एका कडेनं मोजत गेला. मी वरून बघत होतो. माझ्या मांडीवर डबा घुंऽऽ करत होता. वायर काढल्यावर आतला पंखा थोडा वेळ तसाच फिरत राहतो, इंजिनियर आहे, मला माहीत आहे. पण तो थोडा वेळ एवढा लांबत नसतो.

भाऊ शेवटच्या कोकरापाशी बसलेल्या पोरापर्यंत आला. "बरोबर," असं तो रोजच्या आवाजात म्हणाला. मग त्याची मान वळता वळता तिथंच अडली.

बरोबर म्हणजे किती, हे त्याचं त्याला अंगवळणी पडलेलं होतं. गेली कित्येक वर्षं त्याची मोजणी रोज एकानं कमी भरत होती आणि रोज तो ती मनातल्या मनात सोसत होता. आज ती भरली.

तो परत सुरुवातीकडं नजर नेणार, तेवढ्यात त्याची बायको बोलली. बसल्या जागेवरून, मागं वळून न बघता.

"परत मोजू नका."

तो थांबला. आणि माझ्या मांडीवरचा पंखा थांबला.

भावानं बाहेर जाऊन सरांना हाताला धरून आत आणलं आणि सगळ्यांच्या मधे बसवलं. गार कितीतरी वेळ पत्र्यावर नाचत होती. मी स्वतःची समजूत घातली, की त्यानं मलाही मोजलं असणार, त्यामुळं एक वाढला. चांगली समजूत होती. सगळं पांगल्यावर मला आठवलं, की जिना त्याच्या पाठीमागं होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोवळ्या उन्हात मेंढरं रस्त्याला लागली. निघताना भाऊ म्हणाला, पुढच्या सालीही याच वाटेनं येईन. सर कुंपणापर्यंत पोचवायला गेले. मग आम्ही कंपनीत आलो आणि सर दारातून आपल्या टेबलाकडं सरळ मधून चालत गेले. अजिंठ्यानं माझ्याकडं पाहिलं, मी अजिंठ्याकडं. मालकांनी विचारलं, डबा बंद न करता चालतो का आता. सर म्हणाले, चालतो, आणि कधी बंद करावा लागला तरी हरकत नाही. संगणक त्यांनी पुन्हा कधी लावला नाही. दिवाणखाना मात्र तसाच हलता राहिला, आणि दर फाल्गुनात एक दिवस रिकामा होत राहिला.

मी त्या घरात अजून काही वर्षं काढली. लग्न झालं, शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं. सर आता नाहीत.

गारांच्या त्या दिवसानंतर माझ्या चपला जिथं काढल्या तिथंच राहिल्या. पहिल्या संध्याकाळी कामावरून आलो, तर जिन्याच्या पायथ्याशी त्या वाकड्याच पडलेल्या होत्या, सकाळी जशा सुटल्या तशा. मी कितीतरी वेळ त्यांच्याकडं बघत उभा होतो. मोजणीत जो आला तो कळपासोबत गेला, असं मी धरून चाललो आहे.

तरी अजून दारात चपला काढताना मी त्या मुद्दाम जरा वाकड्या काढतो. बायको येता-जाता त्या सरळ करते आणि मला बोलते. ती घरात नसते त्या दिवशी मी येऊन आधी खाली बघतो.

वाकड्याच असतात.